अप्पांच्या आवाजात

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला आता भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं, आणि त्या फोटोत तू फोटोग्राफरवर चिडलेली आहेस. अप्पांना लिहायला हवं होतं खरं तर, कारण मी अपराधी त्यांची आहे. पण त्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही. आणि जे झालं त्याचा कायदा तूच केलेला होता. मी नुसती अंमलबजावणी केली. नांदेडला कॉलेजच्या ऑफिसात एवढी वर्षं कारकुनी केल्यावर तेवढं एक काम मला बरं जमतं.

वर्दीतल्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही, हा तुझा कायदा. मी तिसरी-चौथीत असेन. उदगीरच्या घरात चुलीपुढे तू भाकरी थापत होतीस आणि मी पिठाच्या डब्यावर कागद ठेवून अप्पांना पत्र लिहीत होते. म्हैस मेली, तुला ताप आहे, आणि धाकट्या काकांनी मला दोन पेढे दिले, असा सगळा ताजा वृत्तांत होता. तू पिठाच्या हातानं कागद घेतलास, एकेक अक्षर लावत वाचलास आणि चुलीत घातलास. "त्यो तिथं बंदूक संभाळू का तुझी म्हैस?" एवढंच म्हणालीस. दुसऱ्या कागदावर मी लिहिलं, इकडे सर्व कुशल आहे. पेढ्यांचंसुद्धा लिहू दिलं नाहीस. पेढे वाटले म्हटल्यावर माणूस कशाचे म्हणून विचारत बसेल, हे तुझं म्हणणं. भूकंपाच्या वर्षी आपली मधली भिंत उभी फाटली, किल्लारीकडची तुझी मावशी आख्ख्या घरासकट ढिगाऱ्याखाली गेली, आपण अंगणात ताडपत्रीखाली झोपत होतो, आणि तू मला सांगून पत्र लिहून घेतलंस की जरा हादरा बसला, बाकी ठीक. अप्पांनी खरी बातमी पलटणीच्या कँटीनमध्ये शिळ्या पेपरात वाचली. तरी त्यांना तुझं कौतुक होतं. माझी बायको निम्मी पलटण आहे असं ते सुट्टीवर आले की चारचौघांत सांगायचे आणि तू आतून भांडी आपटायचीस.

आजोबा गेले तेव्हाचं मात्र त्यांनी कुणाला कौतुकानं सांगितलं नाही. अप्पा तेव्हा जबलपूरला कोर्सला होते. तो पास झाला की हवालदारकी. काका तार करायला चप्पल घालून निघाले तर तू दारात आडवी उभी राहिलीस. कोर्स पुरा होऊ दे म्हणालीस, मेलेला माणूस कुठं पळून जात न्हाई. काकांची तुझ्यापुढे कधीच काही चालायची नाही. मग अप्पा सुट्टीवर आले. मी दाराआड उभी आहे. खांद्यावर ट्रंक, बगलेत कागदात गुंडाळलेली शाल, आणि फाटकातूनच ते हाक मारतात, अप्पा. त्यांच्या अप्पांना. आतून कुणी ओ देत नाही. पुन्हा मारतात. तू बाहेर येऊन त्यांच्या बगलेतली शाल काढून घेतेस, आत जाऊन पेटीत ठेवतेस आणि चहाचं आधण चढवतेस. कुणी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. ते संध्याकाळपर्यंत बूट न काढता ओट्यावर बसून राहिले. चहा पिऊन एवढंच म्हणाले की साखर जास्त झाली.

आणि मग तुझी पाळी आली तेव्हाही तू कायद्यात सूट घेतली नाहीस. पोटात गाठ होती. तू ती पित्तावर ढकलत राहिलीस, लातूरच्या डॉक्टरनं सांगितल्यावरही. अप्पा सरहद्दीवर होते. मी बारावीत. माझ्याकडून तू शपथ घेतलीस आणि मी दर पंधरा दिवसांनी तुझ्या तब्येतीची सुंदर सुंदर वर्णनं पाठवत राहिले. मराठीच्या पेपरात मला त्या वर्षी चांगले मार्क पडले ते उगीच नाही. आपल्या रीतीप्रमाणे तुला बसवून माती दिली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी अप्पा पोचले. या खेपेला त्यांनी बूट काढले. बाकी सगळं तसंच.

आता माझ्या लेकीचं. तू तिला पाहिलं नाहीस. नाक तुझं, हट्ट तुझा, आणि उरलेली सगळी अप्पांची. लहानपणापासून अप्पांच्या बिल्ल्यांशी खेळलेली. बारावी झाल्यावर म्हणाली नौदलात जाते. ज्या जिल्ह्याला प्यायचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आलं, त्या जिल्ह्याच्या नातीनं समुद्रावर जायचं म्हणजे कमाल होती. पण अप्पा असे काही खूश झाले की उदगीर सोडून आमच्याकडे नांदेडला राहायला आले, तिला तयार करायला. पोरगी एकटी भरतीला उभी राहत नाही, माय, घर उभं राहतं. पहाटे अप्पा तिला मैदानावर पळवायचे. माझा नवरा, जो रेल्वेच्या ऑफिसात लिफ्टनं पहिल्या मजल्यावर जातो, तो हातात घड्याळ धरून कडेला उभा. आणि मी अंडी उकडायचे. हो, अंडी. गळ्यात लिंग असलेल्या घरात. गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आणि टरफलं कागदात बांधून चौकातल्या कचराकुंडीत, शेजारणीला दिसू नयेत म्हणून. अप्पा म्हणायचे, पलटणीत मी काय काय खाल्लं ते तुझ्या आईला मरेपर्यंत कळलं न्हाई, तू अंड्याचं काय घेऊन बसलीस.

पोहायला ती शिकली उदगीरजवळच्या आपल्या भाऊबंदांच्या विहिरीत. पाठीला रिकामा कॅन, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक काठावर अप्पांच्या हातात. ती पायरीवरून उडी मारायला घाबरायची तेव्हा ते वरून ओरडायचे, "दोरी मी धरलीय. तू फकस्त पाण्याकडं बघ." मग मारायची. पुढं पुढं कॅन सुटला. दोरी काही सुटली नाही, अप्पा सोडायचेच नाहीत.

ती निवडली गेली आणि ओडिशाकडे प्रशिक्षणाला गेली. अप्पा छाती काढून उदगीरला परतले. प्रशिक्षण केंद्रात मोबाइल जमा करून घेतात आणि रविवारी थोडा वेळ देतात. त्या थोड्या वेळासाठी आमचा रविवार सकाळपासून पूजेला बसल्यासारखा. नवरा विचारणार जेवण कसं आहे, मी विचारणार अंग दुखतं का, ती म्हणणार सगळं मस्त. सगळं मस्त हे आजकालच्या पोरांचं सर्व कुशल आहे, हे मला ओळखू यायला पाहिजे होतं, माझ्याइतकं ते कुणी लिहिलेलं नाही. मग मी उदगीरला फोन जोडून द्यायचे आणि अप्पा त्यांचे ठरलेले तीन प्रश्न विचारायचे. जेवलीस का, पळायलीस का, पोहायलीस का. ठेव आता. तिला आईबापाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा तेवढं पुरायचं. ती त्यांना अज्जा म्हणायची, उदगीरकडच्या कानडी वळणानं.

मग अप्पांच्या छातीत दुखलं. लातूरला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. मी नांदेडहून गेले, तर शुद्धीवर होते. नाकात नळी, तरी दाढी झाली नाही म्हणून नर्सवर कुरकुर करत होते. मी जवळ बसले तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "पोरीला कळव. मला दोनदा उशिरा कळलं." मी हाव म्हणाले. ते म्हणाले, हाव नको म्हणू, कळव. बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो सरळ माणूस, म्हणाला मग केंद्राच्या ऑफिसला फोन लावू, ते निरोप देतात. तेव्हा मी काय बोलले माहीत आहे? मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात तिची पोहण्याची परीक्षा आहे, ती होऊ दे. तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं तुला पाहिलेलं नाही, त्यामुळे कोण बोललं ते त्याला कळायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी अप्पा गेले.

माती उदगीरला दिली. जंगम आले, विभूती, बेलपत्र, सगळं रीतसर झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं असतानाच रविवार आला आणि माझा फोन वाजला. मी मागच्या खोलीत पळाले. अज्जांना दे, म्हणाली. मी म्हटलं झोपलेत. उठव, म्हणाली. मी म्हटलं बरं नाही थोडं. तशी ती म्हणाली, मम्मी, खरं सांग. तिचा आवाज असा होता की मला वाटलं आत्ता हिच्या हातून फोन पडणार. इतक्यात धाकट्या काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

काका तुला वेगळे सांगायला नकोत. मोंढ्यातला सगळ्यात मोठा गळा. चाळीस वर्षं अडत दुकानावर उभं राहून तुरीचे, सोयाबीनचे सौदे पुकारलेला माणूस. आणि आवाज अप्पांचाच. दोघं भाऊ अंधारात बोलले तर तूसुद्धा फसायचीस, एकदा दिराला नवरा समजून खडसावलं होतंस आणि मग दोन दिवस तोंडावर पदर ओढून फिरलीस. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, जेवलीस का? तिकडून ती हसली. पळायलीस का? पोहायलीस का? ठेव आता. फोन ठेवून त्यांनी उपरण्यात तोंड खुपसलं. बाहेर बायका रडत होत्या, त्यामुळे आणखी एका रडण्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मला तर, माय, हलकं वाटलं. अभिमानसुद्धा वाटला थोडा. तू मला शिकवलं होतंस पत्रात खोटं लिहायला. मी घरचा मेलेला माणूस फोनवर आणला होता.

पुढच्या रविवारी काका सकाळच्या बसनं नांदेडला आले, ड्यूटीवर आल्यासारखे. नवरा म्हणाला मला यात धरू नका, आणि भाजी आणायला निघून गेला. आदल्याच दिवशी भाजी आणली होती, फ्रिज भरलेला होता. फोन आला. मी दोन शब्द बोलले, अज्जा आमच्याकडेच आलेत म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, मम्मी, अज्जांना दे, आणि तू स्पीकर बंद कर, मला त्यांच्या एकट्याशी बोलायचंय. मी हो म्हटलं आणि स्पीकर चालूच ठेवला. फोन मधे, काका एकीकडे, मी समोर. काकांनी जेवलीस का विचारलं. ती एकदम म्हणाली, "अज्जा, मी उडी मारू शकत न्हाई."

मग तिनं जे सांगितलं ते आम्हाला कधी सांगितलं नसतं. उंच फळी आहे. त्यावरून पाण्यात उडी मारावी लागते. बाकी सगळ्या पोरींनी मारली. ती चढते, टोकाशी जाते आणि पाय उचलत नाही. एकदा मागून शिट्टी झाली म्हणून पडली तशीच, नाकातोंडात पाणी गेलं, काठीनं ओढून काढलं. तेव्हापासून रात्री छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. जेवण जात नाही. पळण्यात ती पहिली आहे आजही, पण पाण्याजवळ गेलं की हात गार पडतात. आणि मग म्हणाली, इथं दोरी नाही, अज्जा.

काकांना दोरीचं काय माहीत? ते त्या वेळी मोंढ्यात असायचे. ते माझ्याकडे बघायला लागले. काय बोलू, असं नुसतं डोळ्यांनी. अप्पा असते तर काय म्हणाले असते ते मला पाठ होतं. दोरी मी धरलीय म्हणाले असते, इथून धरलीय म्हणाले असते, आणि पोरीनं त्या फळीवरून उडी मारली असती. मला ते वाक्य माहीत होतं. काकांच्या कानात सांगायला किती वेळ लागला असता? मी नाही सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे काठीनं ओढून काढलेली माझी पोरगी होती, नाकातोंडातून पाणी येणारी. काका घाबरट माणूस, भाव पडला तरी त्यांना घाम फुटतो. ते पुटपुटल्यासारखं म्हणाले, "मग ये की घरी." आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

"तुमी सांगायलाव, अज्जा?" ती म्हणाली.

"हाव, मीच सांगायलोय. ये घरी, बाळा. कुणी काही म्हणत न्हाई."

ती रडली नाही. बरं, एवढंच म्हणाली. सुरुवातीच्या दिवसांत ज्याला नाही झेपत त्याला तसं लिहून देऊन घरी जाता येतं. वरिष्ठांनी तिला दोनदा विचारलं म्हणे, समजावलंही, आणखी एक संधी देतो म्हणाले. माणसं चांगली होती. पण ती म्हणाली, माझ्या आजोबांनी सांगितलंय, ते हवालदार होते.

नांदेड स्टेशनवर आम्ही दोघं घ्यायला गेलो. केस बारीक कापलेले, गालफडं बसलेली, पण पाठ सरळ. खाली उतरल्या उतरल्या माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागली. अज्जा नाही आले? नवऱ्यानं तिची बॅग उचलली आणि तो पुढे चालायला लागला, असा झपाझप की हमालसुद्धा बघायला लागला. मी तिला बाकावर बसवून सांगितलं. ती म्हणाली, कधी? आणि माय, माझ्या तोंडून निघालं, परवा. आधी कधीचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न कोण बोललं हाच होता ना. तिनं हिशेब लावला आणि म्हणाली, म्हणजे माझ्याशी बोलल्यावर. मी म्हटलं हाव. तिनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "त्यांना कळलं होतं, मम्मी. म्हणून मला बोलवून घेतलं त्यांनी." मग ती रडली, आणि रडून झाल्यावर तिचा चेहरा असा निवांत झाला की मला तिच्याकडे बघवेना.

उदगीरला समाधीपाशी गेलो तर ती वाकून माती चुरडायला लागली. इतकी वाळली? मी म्हटलं, ऊन किती आहे बघ. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, जंगमांना नवऱ्यानं आधीच जाऊन गाठलं होतं, पोरीपुढे अप्पा गेले तो दिवस काढू नका म्हणून. ज्या माणसाला यात धरायचं नव्हतं त्यानं दारोदार हिंडून गावभर खोटं पेरलं. गावानंही ऐकलं. अशा बाबतीत आपलं गाव फार समजूतदार आहे.

आणि काका मुके झाले. दुसरं काय करणार? तोंड उघडलं की तोच आवाज. त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला आणि खुणेनं सांगितलं की घसा गेला, डॉक्टरनं बोलायला बंदी केलीय. ती उदगीरला असेपर्यंत हातवारे. आता ती नांदेडला असते, पोलीस भरतीचं बघते, पुन्हा पहाटे पळते. पण महिन्या-दोन महिन्यांनी उदगीरला जातेच. गेली की काकांसाठी मिठाचं पाणी गरम करते, समोर बसवून गुळण्या करायला लावते. नीट करा धाकटे अज्जा, मान वर करा, अशी दटावते. ते मान वर करून गुळण्या करतात. डोळ्यांतून पाणी येतं तर ती म्हणते, बघा, किती सुजलाय घसा. काकूनं मला सांगितलं की ती असली की काका मोंढ्यातही जात नाहीत, सौद्याच्या वेळी चुकून तोंडातून काही निघायचं आणि ते घरापर्यंत ऐकू यायचं, ही भीती.

ती अप्पांचं बोलावणं सगळ्यांना सांगते. तिच्यासोबत गेलेल्या पोरी आता जहाजांवर जातील. त्यांचे पांढऱ्या गणवेशातले फोटो मोबाइलवर येतात, ती ते मोठे करून बघते. मी विचारलं एकदा, वाईट वाटतं का गं? ती म्हणाली, अज्जांनी सांगितलं नसतं तर मेले असते पण आले नसते. आता ते बोलले म्हटल्यावर वाईट कशाचं.

काल काकांचा फोन आला. मोबाइलवर मला एकटीला ऐकू येतं, म्हणून तिथं ते बोलतात, आणि फोन उचलल्यावर पहिल्या क्षणाला माझ्याही काळजात धस्स होतं. म्हणाले, वर्षाचं पुण्यस्मरण आलंय, लोक येतील, कुणाच्या तरी तोंडून जाईलच. त्याआधी तू सांग, न्हाईतर मी सांगतो. मला आता हे गप बसणं सोसंना. मी म्हटलं हाव, सांगते. ते म्हणाले, हाव नको म्हणू. दोघे भाऊ सारखेच.

सांगावं लागेल. पुण्यस्मरणाच्या आधी, मीच. सांगितल्यावर ती किंचाळणार नाही, भांडणार नाही. ती अप्पांची आहे, उठून बॅग भरेल. कुठे जाईल, काय खाईल, आजारी पडली तर कुणाला हाक मारेल, यातलं मला काही कळणार नाही. घरी काही न कळवणं तिला कोणी शिकवायची गरज नाही, रक्तातच आहे. आणि मी तिला काय म्हणून विचारणार?

हे पाठवायला तुझा पत्ता नाही, ते बरंच आहे. तू वाचलंस तर चुलीत घालशील. पण एक गोष्ट सांगायची राहिली, ती मी नवऱ्यालाही सांगितली नाही. अप्पांच्या फोटोसमोर मला उभं राहवत नाही, काकांचं तोंड बघवत नाही, हे सगळं खरं आहे. पण ती प्रशिक्षणाला होती तेव्हा मी रात्र रात्र जागी असायचे, आणि आता ती शेजारच्या खोलीत आहे, तिचा पंखा फिरतो त्याचा कुरकुर आवाज भिंतीतून येतो, आणि मला झोप लागते, माय. अगदी गाढ लागते.